अमेरिकेचा मुलूख ओळखायचा तर बांधावर जा

लेकीकडे किंवा मुलाकडे अमेरिकेला निघालात? मग एक ऐका. पहिल्या फेरीत मी डॅलसला तीन आठवडे मॉल आणि मंदिरं बघितली आणि वाटलं, सगळा देश एकाच साच्यातला. दुसऱ्या फेरीत द्राक्षाचा माग धरला, तेव्हा मुलूख वेगवेगळे दिसायला लागले.

सुरुवात घरच्या बागेतून करा. दिंडोरीला माझ्याकडे वर थॉमसन जातीचं द्राक्ष, खाली डॉगरिजचा खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधतात तो मुळांचा भाग. हे डॉग रिज म्हणजे टेक्सासच्या बेल काउंटीतली जागा. खारं पाणी आणि ताण सोसणारी तिथली रानवेल आपल्या बागांच्या मुळाशी आहे. डॅलसहून सव्वाशे किलोमीटरवरच्या डेनिसनला जरूर जा. फिलॉक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीने फ्रान्सच्या बागा बसल्या तेव्हा इथल्या टी. व्ही. मन्सन यांनी टेक्सासचे खुंट सुचवले, १८८८ मध्ये फ्रान्सने त्यांना शेतीतल्या कामासाठीचा ‘मेरित अग्रिकोल’ हा किताब दिला. गावाकडच्या रस्त्याला समोरून पिकअप आली की चालकाचा हात बघा. स्टिअरिंगवरून फक्त एक बोट वर येतं. तो तिथला रामराम. तुम्हीही बोट उचला.

थॉमसन हे नाव कॅलिफोर्नियाचं. विल्यम थॉमसन यांनी युबा सिटीजवळ ही जात वाढवली. आज तिथे पंजाबी शेतकऱ्यांच्या फळबागा आहेत. कॅलिफोर्निया एकच आहे असं मात्र समजू नका. सॅन फ्रान्सिस्कोला जुलैत स्वेटर लागतो आणि तीन तास आत फ्रेस्नोला पारा चाळिशीला टेकतो. सप्टेंबरात गेलात तर वेलींच्या दोन ओळींमध्ये कागदावर, थेट उन्हात बेदाणा वाळताना दिसेल. आपल्याकडे तेवढ्यात एक सर यायची! तिथे गप्पा सुरू करायच्या तर पाण्याचा विषय काढा. सिएरा डोंगरांवरच्या बर्फाचं पाणी कोणाला किती, हा तिथला वाद. गंगापूर-जायकवाडीची भांडणं ऐकलेल्या नाशिककराला तो समजावून सांगावा लागत नाही.

ईशान्येला, लेक इरीच्या काठी, कॉन्कॉर्ड द्राक्ष. मणी चिमटीत दाबला की साल बोटांत राहते आणि गर सटकन बाहेर येतो. मॅसॅच्युसेट्सच्या थंडीत टिकेल असं द्राक्ष हवं म्हणून इफ्रेम बुल यांनी १८४९ मध्ये ते तयार केलं. माणसंही तशीच वाटली मला: वरून तुटक, आत गोडवा. इथे हवापाण्याच्या गप्पांत वेळ घालवू नका, काय हवंय ते सरळ विचारा. काम होतं.

परतताना बुटांची माती धुवा आणि लावायला वेलीची काडी तर मुळीच आणू नका. फिलॉक्सेरा अमेरिकेतल्या वेलींबरोबरच युरोपात पोचला होता.