माझ्या दोन 'माद्या' आणि त्यांची वीस पिल्लं

"उंदीर मारायला लोक पैसे मोजतात आणि तू विकत आणलेस?" हा आईचा पहिला प्रश्न. दुसरा महिन्याभराच्या आतच आला: "पिंजऱ्यात हे गुलाबी काय वळवळतंय?"

दुकानदाराने दोन्ही माद्या म्हणून दिल्या होत्या. मीही पोटाकडून निरखून पाहिलं नाही, नाहीतर नराचे अंडकोष लपत नाहीत. गर्भ राहिल्यापासून मादी एकविसाव्या ते तेविसाव्या दिवशी विते. माझी व्यायली तेव्हा अकरा पिल्लं होती. पिल्लांच्या बाबाला, म्हणजे माझ्या दुसऱ्या 'मादी'ला, त्याच संध्याकाळी वेगळा केला आणि सुटलो असं वाटलं. पण व्यायल्यावर चोवीस तासांच्या आत मादी पुन्हा माजावर येते, हे मला ठाऊक नव्हतं. पुढच्या महिन्यात आणखी नऊ! तेव्हा मुद्दाम वीण घ्यायची असली तरी पोट दिसायला लागलं की नराला बाहेर काढा, पिल्लांची वाट पाहू नका.

पिंजऱ्यावर पैसे वाचवता येतात. मी पुण्याच्या जुन्या बाजारातून एक गंजका लोखंडी रॅक आणला, घासून रंगवला आणि चारी बाजूंनी अर्ध्या इंचाची वेल्ड जाळी केबल टायने आवळली. एक इंचाची जाळी स्वस्त पडते, पण तिच्यातून पिल्लू आरामात निसटतं. तळाला प्लास्टिकचे ट्रे घातले. जाळीच्या तळावर सतत चालून पाय सोलतात. बिछान्याला वखारीतला भुसा फुकट मिळत होता, तो दोन आठवड्यांत बंद केला, कारण धुळीने दोघंही शिंकायला लागले. आता झेरॉक्सवाल्याकडच्या कागदाच्या पट्ट्या वापरतो. घरट्यासाठी टिश्यू पेपर द्या. चिंध्यांचे दोरे पिल्लांच्या पायात गुंततात.

लघवीच्या अमोनियाने उंदरांची फुप्फुसं बिघडतात. बहुतेक पाळीव उंदरांच्या अंगात मायकोप्लाझ्मा हा फुप्फुसांना त्रास देणारा जिवाणू आधीच असतो आणि घाणेरड्या ट्रेमुळे तो उसळतो. आपल्याला वास येईपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो, कारण त्यांचं नाक ट्रेपासून बोटभर अंतरावर असतं. डोळ्यांभोवती लाल पापुद्रा दिसला की मी पहिल्यांदा घाबरलो होतो. ते रक्त नसतं, पोर्फिरिन नावाचं रंगद्रव्य असतं. पण सारखं दिसत असेल तर जनावर आजारी आहे किंवा ताणात आहे. उंदीर तपासणारा डॉक्टर आधीच शोधून ठेवा. माझं बजेट पिंजऱ्याने नाही, एका उंदराच्या खोकल्याने मोडलं.

खाण्याचा खर्च किरकोळ. ज्वारी, गहू, ओट्स, शिजवलेली डाळ, भाज्या आणि लेकुरवाळीला उकडलेलं अंडं. मे महिन्यात मात्र पंखा पुरत नाही, कारण उंदीर आपल्यासारखा घामाने गार होत नाही. गोठवलेल्या पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा, ते तिला टेकून झोपतात.

पिल्लांचं पोट पहिले काही दिवस इतकं पातळ असतं की आत दुधाचा पांढरा पट्टा दिसतो. तो दिसला की आई पाजतेय, निश्चिंत व्हा. आठ-दहा दिवसांत दाट लव यायच्या आत माद्यांची स्तनाग्रं दिसतात, तेव्हाच वहीत नोंद करा. चौदाव्या दिवसाच्या आसपास डोळे उघडतात आणि मग हातात धरणं अवघड होतं. पाच आठवड्यांच्या आत नर वेगळे झालेच पाहिजेत, कारण भाऊबहीण हा भेद त्यांना कळत नाही.

पिल्लांना घरं शोधायला मला तीन महिने लागले. एकटा उंदीर झुरतो, म्हणून जोडीने नेणाऱ्यांनाच दिले, त्यामुळे निम्मी माणसं तिथेच गळली. एकाने फोनवर विचारलं, "अजगराला चालतील ना?" मी फोन ठेवला.

आता चार माद्या आहेत आणि नसबंदी केलेला तो बाबा. त्या शस्त्रक्रियेला पिंजऱ्याच्या तिप्पट पैसे गेले. आई अजून त्यांना हात लावत नाही, पण मटार सोलताना पाच दाणे बाजूला काढते.