सात तारांच्या गिटारला मेटल संगीतासाठी पिकअप कसा निवडावा

आमच्याकडे पिकअप म्हटलं की कापूस जिनिंगला नेणारी गाडी. "पिकअप बदलतो आहे" असं मी एकदा पारावर म्हणालो, तर शेजारच्या काकांनी लगेच विचारलं, जुना कितीत काढला? गिटारचा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार, हे सांगेपर्यंत त्यांचा चहा संपला होता.

वर्धा जिल्ह्यातल्या गावात राहून सात तारांचा पिकअप आधी ऐकून घेणं जमत नाही. माल ऑनलाइन मागवायचा आणि कुरिअरवाला तालुक्याहून फोन करतो, त्याची वाट बघायची. न ऐकता घ्यायची वस्तू असली की माणूस कागदावरच्या आकड्यांकडे बघतो आणि तिथेच फसतो. मीही एकदा फसलो.

आधी दोष पिकअपचाच आहे का ते बघा

सहा तारांच्या गिटारची जाड ई तार साधारण ८२ हर्ट्झला वाजते. सातवी बी तार ६२ हर्ट्झला, आणि ती ए पर्यंत उतरवली तर ५५ हर्ट्झला. इतक्या खाली तार सैल पडते. तुमच्या गिटारची स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, २५.५ इंच असेल आणि सातवी तार ५६ ची (जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत), तर पिकअप कोणताही लावा, आवाज लदबदच येणार. आधी ६२ किंवा ६४ ची तार लावून बघा. २६.५ किंवा २७ इंच स्केलवर हा त्रास कमी असतो.

दुसरं, अँप. सहा इंची स्पीकरच्या सरावाच्या अँपमधून ६२ हर्ट्झचा मूळ सूर जेमतेमच बाहेर येतो, ऐकू येतात ते त्याच्या वरचे सूर. निदान हेडफोन लावून ऐका.

तिसरं, वीज. लोडशेडिंगमध्ये स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर अँप चालवला की चांगला हमबकर, म्हणजे घरघर दाबणारा दोन वेटोळ्यांचा पिकअप, तोसुद्धा भुणभुणतो. त्यावरून पिकअपला नावं ठेवू नका. तारांना हात लावल्यावर घरघर कमी होत असेल तर गिटारच्या आतलं ग्राउंड जोडलेलं आहे, घरघर बाहेरून येते आहे. पण तारांना हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर वाजवणं तिथेच थांबवा आणि वायरमनला बोलवा. जुन्या घरांत अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो. कोळसा-मीठ घालून पाणी ओतेपर्यंत गिटार हातात घेऊ नका.

हे सगळं ठीक असूनही जाड तारेवर पाम म्यूट केल्यावर (तळहाताची कड तारेवर टेकवून वाजवल्यावर) 'टक' न येता नुसतं 'भूऽ' येत असेल, तर पिकअपकडे वळा.

किलोओहमचा आकडा

कॅटलॉगमध्ये प्रत्येक पिकअपपुढे रेझिस्टन्स लिहिलेला असतो. १६ किलोओहम म्हणजे ११ पेक्षा जोरदार, असा माझा समज होता. विहिरीच्या मोटारी वाइंडिंग करणारा एक जण आमच्या तालुक्याला आहे. त्याला मोबाइलवर तो आकडा दाखवला, तर तो म्हणाला, "तार कोनत्या गेजची आहे थे काहून नाही लिहिलं बावा?"

मुद्दा तोच आहे. पिकअपमध्ये बहुधा ४२ किंवा ४३ गेजची तार असते. ४३ ची तार बारीक असल्याने कमी वेढ्यांतच रेझिस्टन्स वाढतो. म्हणजे आकडा मोठा दिसला तरी वेढे जास्त असतीलच असं नाही, आणि चुंबक कोणता हे तर त्या आकड्यात येतच नाही. वेढे खरोखर जास्त असले तर जोर वाढतो, पण वरचा धारदार आवाज मरतो आणि मधला फुगतो. सातव्या तारेला नेमकी ती धारच हवी असते.

आणखी एक गंमत. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. २५ अंशांना १२ किलोओहम दाखवणारा पिकअप मे महिन्यात ४५ अंशांच्या दुपारी तेरा-एक दाखवतो. जुना पिकअप विकत घेताना मल्टिमीटरचा आकडा थोडा वर दिसला म्हणून समोरच्याशी भांडू नका. मीटर काहीच दाखवत नसेल, तर मात्र आत तार तुटली आहे.

मग काय बघून निवडायचं

डिस्टॉर्शन, म्हणजे मेटलचा तो फाटलेला आवाज, पिकअपमधून जे येईल त्यावर चढतं. आत खूप बेस गेला तर बाहेर चिखल येतो. मग अँपचा बेस कितीही कमी करा, चिखल चिखलच राहतो. म्हणून ब्रिजचा (गिटारच्या खालच्या टोकाला तारा टेकतात तिथला) पिकअप कमी बेसचा, घट्ट आणि वरच्या मिडला टोकदार असा घ्यावा. बेस नंतर अँपवर वाढवता येतो. खात्री करायची असेल तर आधी मित्राचा ओव्हरड्राइव्ह पेडल मागून आणा, ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल पूर्ण, आणि अँपच्या आधी जोडा. असे बहुतेक पेडल आत जाणारा बेस कापतात. तेवढ्याने आवाज सुटसुटीत झाला, तर तुम्हाला कसा पिकअप हवा ते कळलं. कदाचित पेडलवरच भागेल.

सिरॅमिक चुंबक साधारणपणे घट्ट आणि टोकदार, अल्निको ५ थोडा मोकळा, अल्निको २ मऊ. सीमोर डंकन या पिकअप कंपनीचा नॅझगूल सिरॅमिकचा आहे, त्यांचेच पेगॅसस आणि सेंटिएंट अल्निको ५ चे. ब्रिजला नॅझगूल, नेकला (दांड्याजवळ) सेंटिएंट ही जोडी मेटलवाल्यांत बरीच चालते. भरधाव रिफच वाजवायचे असतील तर सिरॅमिक घ्या. कॉर्ड मोडून एकेक सूर ऐकवायचा असेल तर मी अल्निको ५ कडे झुकेन. डिमार्झिओ ही दुसरी पिकअप कंपनी तर १९९० साली इबानेझने गिटारवादक स्टीव्ह वायसाठी युनिव्हर्स ही सात तारांची गिटार काढली तेव्हापासून या कामात आहे. पहिल्या युनिव्हर्समध्ये त्यांचेच ब्लेझ होते.

ॲक्टिव्हचा, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या पिकअपचा, मार्ग वेगळा. इएमजी किंवा फिशमन फ्लुएन्स घेतले तर आवाज एकसारखा, घट्ट आणि शांत येतो. खराब वायरिंगच्या घरात ही शांतता मोलाची. पण ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते. गावच्या दुकानात पेन्सिल सेल मिळतो, हा नाही, म्हणून तालुक्याहून दोन आणून ठेवा. केबल जॅकमध्ये विसरलात तर बॅटरी उतरते. शिवाय पॉट (आवाज आणि टोनच्या घुंड्यांखालचे रेझिस्टन्स) बदलावे लागतात. पॅसिव्ह, म्हणजे बिनबॅटरीच्या, हमबकरला ५०० के (किलोओहम), ॲक्टिव्हला बहुधा २५ के. एक ॲक्टिव्ह आणि एक पॅसिव्ह अशी भेसळ टाळा.

मापं

माझी चूक इथली. पिकअप आला आणि खाचेत बसेना. सात तारांचे पिकअप सगळे एका मापाचे नसतात. काही उघडे हमबकरच्या आकाराचे, तर इएमजी ७०७ सारखे साबणवडीसारख्या बंद डब्यात. ऑर्डर देण्याआधी जुना पिकअप काढून लांबी, रुंदी, दोन स्क्रूंमधलं अंतर आणि खाचेची खोली मिलिमीटरमध्ये लिहून घ्या. पहिल्या आणि सातव्या तारेमधलं अंतर पिकअपवरच मोजा, ब्रिजवर नाही. फ्रेट (दांड्यावरच्या आडव्या पट्ट्या) तिरके असतील तर पिकअपही तिरका लागतो. पटाशी घेऊन लाकूड कोरायला बसू नका. आमच्या सुताराने कोरून दिलं, पण खाच अजून वाकडी दिसते.

जोडणी

जुन्या जोडणीचा फोटो काढल्याशिवाय एकही तार सोडू नका. रंग कंपनीगणिक बदलतात. सीमोर डंकनमध्ये काळी तार हॉट (आवाज पुढे नेणारी), लाल-पांढरी एकमेकींना जोडून टेप लावायची, हिरवी आणि उघडी तार ग्राउंडला. डिमार्झिओत लाल हॉट, काळी-पांढरी जोडायची, हिरवी आणि उघडी ग्राउंडला. पॉटच्या पाठीवर सोल्डर धरत नसेल तर आधी पाठ पॉलिश पेपरने घासा. तिथे २५ वॉटची सोल्डरिंगची इस्त्री कमी पडते, ४० ची घ्या. टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडे ती असतेच.

झाकण लावण्याआधी अँप चालू करून स्क्रूड्रायव्हरने पिकअपवर हलकेच टकटक करा आणि अँपमधून आवाज येतो का ते बघा. दोन्ही पिकअप एकत्र ठेवल्यावर आवाज पातळ, नाकातला आला तर ते उलट्या फेजमध्ये आहेत. एकाच पिकअपची हॉट आणि ग्राउंडची रंगीत तार अदलाबदल करा, उघडी तार ग्राउंडलाच राहू द्या.

शेवटी उंची. प्रत्येक तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा. पातळ तारेखाली सुमारे २ मिलिमीटर आणि सातवीखाली ३ ठेवून सुरुवात करा. सातवी गुरगुरत असेल तर तिच्या बाजूचा स्क्रू अर्धा फेरा सोडा, पुन्हा वाजवा, पुन्हा अर्धा. चुंबक फार जवळ असला की तो जाड तारेला ओढतो आणि सूर डोलायला लागतो. माझ्या गिटारवर साडेतीनला थांबलो.