निर्यातीचा जीएसटी रिफंड अडकतो तो इथे: या चुका टाळा

टेबलावर दोन कागद शेजारी ठेवा. एक तुमचं टॅक्स इन्व्हॉइस, दुसरं सीएचएनं (कस्टम्सची कामं करणाऱ्या एजंटनं) काढलेलं शिपिंग बिल, म्हणजे कस्टम्सला दिलेला निर्यातीचा कागद. इन्व्हॉइसवर क्रमांक आहे ‘ईएक्स/०४७/२४-२५’, शिपिंग बिलात नुसतं ‘४७’. माल न्हावा शेवाहून केव्हाच निघाला, दुबईत उतरला, पैसेही खात्यात आले. रिफंड मात्र आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर ‘एसबी००५’ लावून बसलाय. एसबी००५ म्हणजे इन्व्हॉइस क्रमांक जुळत नाही. माणसाला हे दोन्ही क्रमांक एकच वाटतात, संगणकाला वाटत नाहीत.

रिफंडची कामं करता करता एक गोष्ट पक्की कळली: साहेब अडवतात त्याहून जास्त आपलेच कागद अडवतात. इन्व्हॉइस, रिटर्न आणि शिपिंग बिल या तिघांनी एकच गोष्ट सांगायला हवी. तिघांत एक जरी वेगळं बोलला तरी पैसे थांबले.

एसबी००५ चं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. निर्यातदार परदेशी गिऱ्हाइकासाठी वेगळं कमर्शियल इन्व्हॉइस काढतो आणि जीएसटीसाठी वेगळं. सीएचएच्या हाती पहिलं पडतं, जीएसटीआर-१ मध्ये (विक्रीचं रिटर्न, आमच्या बोलीत ‘वन’) दुसरं जातं. उपाय सोपा आहे: निर्यातीला एकच मालिका ठेवा, १६ अक्षरांच्या आत, आणि चेकलिस्ट (शिपिंग बिलाचा कच्चा मसुदा) मंजूर करण्यापूर्वी क्रमांक, तारीख आणि जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) स्वतः वाचा. ‘सीएचए बघतो ना ते’ म्हणणाऱ्यांचेच फोन नंतर येतात. चूक वनमध्ये असेल तर पुढच्या वनच्या तक्ता ९अ मध्ये दुरुस्ती होते. चूक शिपिंग बिलात असेल तर कस्टम्सकडे अर्ज, शुल्क आणि दोन्ही क्रमांकांचा जुळणी तक्ता, एवढी यातायात करावी लागते.

बाकीचे कोडही ओळखून ठेवा. एसबी००१ म्हणजे शिपिंग बिलाचा क्रमांक, तारीख किंवा पोर्ट कोड चुकला. न्हावा शेवाचा कोड आयएनएनएसए१, पण माल नागपूरच्या आयसीडीत (समुद्रापासून दूरच्या कोरड्या बंदरात) शिपिंग बिल होऊन रेल्वेनं गेला असेल तर कोड त्या आयसीडीचा लागतो. इथे पुष्कळजण फसतात. एसबी००३ म्हणजे जीएसटीआयएनचा गोंधळ. एसबी००२ म्हणजे ईजीएम (माल देशाबाहेर नेल्याची वाहतूक कंपनीनं कस्टम्सला दिलेली यादी) भरलेलं नाही आणि एसबी००६ म्हणजे आयसीडीचा माल ज्या बंदरातून निघाला तिथलं ईजीएम सापडत नाही. या शेवटच्या दोघांत तुमच्या हातात फारसं काही नसतं. शिपिंग लाइनच्या मागे लागा, ईमेलवर लागा, म्हणजे पुढे दाखवायला पुरावा राहतो. एसबी००० दिसलं की जुळणी झाली. तरीही पैसे आले नाहीत तर बँक खातं पीएफएमएसवर (सरकारी पैसे खात्यात पाठवणारी प्रणाली) पडताळलं गेलंय का ते बघा.

हे सगळं आयजीएसटी (निर्यातीच्या बिलावर लावायचा जीएसटी) भरून निर्यात करणाऱ्यांचं झालं. त्या वाटेनं शिपिंग बिल हाच रिफंडचा अर्ज असतो, वेगळा फॉर्म नाही. पण कस्टम्सकडे माहिती जाण्यासाठी वनच्या तक्ता ६अ मध्ये निर्यात हवी आणि थ्री-बीच्या (जीएसटीआर-३बी, कर भरायचं रिटर्न) ३.१(ब) मध्ये त्यावरचा आयजीएसटी. तो ३.१(अ) मध्ये देशांतर्गत विक्रीबरोबर टाकला की कर सरकारजमा होतो, माहिती मात्र पुढे सरकतच नाही. आता थ्री-बीचे आकडे वनमधून आपोआप येतात, त्यामुळे वनमध्येच हात जपून चालवा. वन भरताना शिपिंग बिल हातात नव्हतं म्हणून ती जागा रिकामी सोडली असेल, तर ९अ मधून ती नंतर भरायची असते हे लक्षात ठेवून करायला हवं. कोणी आठवण करून देत नाही.

दुसरी वाट एलयूटीची, म्हणजे विभागाला दिलेल्या हमीपत्राची: कर न भरता माल पाठवायचा आणि साचलेल्या क्रेडिटचा (खरेदीवर भरलेल्या जीएसटीचा) रिफंड आरएफडी-०१ हा अर्ज भरून मागायचा. एलयूटी आर्थिक वर्षापुरतं असतं. ३१ मार्चला ते संपतं, आणि दर एप्रिलला कोणीतरी पहिले दोन कंटेनर त्याशिवायच पाठवून मोकळा होतो. घाबरून आयजीएसटी भरायला धावू नका. नोव्हेंबर २०१९ च्या १२५ क्रमांकाच्या परिपत्रकानं उशिरा दिलेलं एलयूटी पूर्वलक्षी प्रभावानं मान्य करायची सोय ठेवली आहे. मात्र एलयूटीवर काढलेल्या इन्व्हॉइसचा माल तीन महिन्यांत देशाबाहेर गेला पाहिजे, नाहीतर कर व्याजासह भरावा लागतो.

आता नाशिककडची गोष्ट. एक द्राक्ष निर्यातदार काही वर्षं खोकी, पनेट (द्राक्षांच्या छोट्या डब्या), सल्फर पॅड, सीएचएची बिलं या सगळ्यांवरचा जीएसटी खर्चात टाकत होते. हिशेबनिसानं सांगितलं होतं, ‘आपला माल करमुक्त, क्रेडिट मिळत नाही.’ देशात विकलेल्या ताज्या द्राक्षांपुरतं ते खरं. पण निर्यात शून्य दराची विक्री धरली जाते, आणि आयजीएसटी कायद्याचं कलम १६ स्पष्ट सांगतं की माल करमुक्त असला तरी शून्य दराच्या विक्रीसाठीचं क्रेडिट घेता येतं. करमुक्त मालाच्या निर्यातीला एलयूटीसुद्धा लागत नाही. त्यांचा जुन्या हंगामांचा रिफंड गेला तो गेलाच, कारण मुदत दोन वर्षांची.

मात्र हेच उलट्या बाजूनं चुकणारेही आहेत. निम्मा माल युरोपला, निम्मा मुंबई-दिल्लीच्या मार्केटला, आणि क्रेडिट मात्र सगळं घेतलेलं. देशात विकलेल्या करमुक्त मालाच्या वाट्याचं क्रेडिट सीजीएसटी नियम ४२ प्रमाणे आधी उलटवावं, म्हणजे परत करावं लागतं. ते न करता अर्ज केला की कारणे दाखवा नोटीस ठरलेली.

सूत्राकडे येऊ. नियम ८९(४) म्हणतो: शून्य दराची उलाढाल गुणिले निव्वळ क्रेडिट, भागिले समायोजित एकूण उलाढाल. समजा एका महिन्यात निर्यात ४० लाख, देशातली करपात्र विक्री १० लाख, म्हणजे समायोजित एकूण उलाढाल ५० लाख. त्या महिन्यात घेतलेलं क्रेडिट ३ लाख, त्यातले ६० हजार नव्या यंत्राचे. पुष्कळजण ३ लाखांवर सूत्र लावून २ लाख ४० हजार मागतात. पण निव्वळ क्रेडिटमध्ये भांडवली वस्तूंचा कर येत नाही. तेव्हा २ लाख ४० हजारांवर सूत्र लावायचं, उत्तर १ लाख ९२ हजार. यंत्राचं क्रेडिट बुडत नाही, देशातल्या विक्रीवरच्या करात ते वापरता येतं.

इथेच पुढची खोच आहे. उत्तर १ लाख ९२ हजार आलं तरी त्या कालावधीचं थ्री-बी भरल्यावरची शिल्लक आणि अर्ज भरतानाची लेजरमधली (पोर्टलवरच्या क्रेडिटच्या खात्यातली) शिल्लक, दोन्ही तेवढ्या हव्यात. तिन्हींत जे कमी तेवढंच मिळतं. अर्ज लांबवला, मध्ये दोन महिन्यांचा देशांतर्गत कर त्याच क्रेडिटमधून भरला, लेजरमध्ये उरले १ लाख १० हजार, रिफंडही तेवढाच.

निर्यातीचा आकडा कोणता धरायचा, यावरही वाद होतात. जुलै २०२२ पासून शिपिंग बिलातली एफओबी (भाडं-विमा सोडून) किंमत आणि इन्व्हॉइसची किंमत यांत जी कमी ती धरायची. सीआयएफवर (भाडं-विमा धरून) इन्व्हॉइस काढणाऱ्यांनी भाडं आणि विमा त्यात मोजू नये. क्रेडिटची बिलंही जीएसटीआर-२बी मध्ये (पुरवठादारांच्या रिटर्नवरून बनणारा तुमच्या क्रेडिटचा तक्ता) दिसणारीच घ्या. पुरवठादारानं रिटर्न भरलं नाही तर ते बिल तुमच्या अर्जात चालत नाही, मग तुम्ही त्याला पैसे दिलेले असोत वा नसोत.

कांद्याचा मुद्दा वेगळा. ज्या मालावर निर्यात शुल्क लागतं त्यावर साचलेल्या क्रेडिटचा रिफंड सीजीएसटी कायद्याचं कलम ५४(१५) नाकारतं; १ नोव्हेंबर २०२४ पूर्वी हीच मनाई कलम ५४(३) मध्ये होती. कांद्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के शुल्क बसलं, सप्टेंबर २०२४ मध्ये ते २० टक्के झालं आणि १ एप्रिल २०२५ पासून उठलं. शुल्क भरून गेलेल्या कंटेनरचा रिफंड मागू नका. शुल्क उठल्यानंतरच्या मालाला मात्र ही आडकाठी नाही, कारण निर्यातीच्या वेळी प्रत्यक्ष शुल्क लागलं का, हेच पाहायचं असतं.

पुण्यातल्या सॉफ्टवेअरवाल्यांसाठी थोडक्यात: सेवेच्या निर्यातीत एफआयआरसी किंवा बीआरसी (परदेशातून पैसे आल्याचा बँकेचा दाखला) लागतंच, आणि रिफंड मागायची दोन वर्षं सहसा पैसे आल्याच्या तारखेपासून मोजतात. मालाच्या बाबतीत जहाज किंवा विमान देश सोडतं त्या दिवसापासून. आगाऊ पैसे घेतले असतील तर इन्व्हॉइसची तारीख बघा.

अर्ज भरल्यावर १५ दिवसांत एकतर आरएफडी-०२ची पोच येते किंवा आरएफडी-०३ म्हणजे डेफिशियन्सी मेमो. मेमोवर खुलासा पाठवत बसू नका. तो अर्ज तिथेच संपला, क्रेडिट लेजरमध्ये परत आलं, आता नवा अर्ज. पहिला अर्ज आणि मेमो यांच्यातला काळ दोन वर्षांत धरला जात नाही, एवढा दिलासा आहे. आरएफडी-०८ म्हणजे कारणे दाखवा नोटीस आली तर उत्तराला १५ दिवस असतात, आणि ती पोर्टलवर येऊन पडते. तुमचा ईमेल जुन्या अकाउंटंटचा असेल तर कळतसुद्धा नाही. आधार पडताळणी झालेली नसेल तर अर्जच भरता येत नाही, हेही बघून ठेवा. सगळं बरोबर असूनही पूर्ण अर्जानंतर ६० दिवसांत पैसे आले नाहीत तर ६ टक्के व्याज मिळतं. ते लेखी मागा.

पैसे मिळाल्यावरही फाइल बंद करू नका. परदेशी गिऱ्हाइकानं फेमाच्या (परकीय चलन कायद्याच्या) मुदतीत मालाचे पैसे दिले नाहीत, तर तेवढ्या भागाचा रिफंड मुदत संपल्यापासून ३० दिवसांत व्याजासह परत भरावा लागतो. रिझर्व्ह बँकेनं मुदत वाढवून दिली असेल आणि पैसे नंतर आले, तर आल्यापासून तीन महिन्यांत पुरावा देऊन तो पुन्हा मागता येतो.