विंडोजवरचा शॉर्टकट उघडेना? हात लावायच्या आधीची तयारी

पहिलं काम, मोबाइल काढा आणि टार्गेटचा, म्हणजे शॉर्टकट जी फाइल उघडतो तिच्या पत्त्याचा, फोटो घ्या. आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शॉर्टकट टॅब. तिथे टार्गेट आणि त्याखाली स्टार्ट इन असे दोन रकाने असतात. पत्ता लांब असेल तर रकान्यात क्लिक करून एन्ड दाबा आणि उरलेल्याचाही फोटो घ्या. रकाना फिकट आहे, बदलता येत नाही? तरीही फोटो. आयकॉन डिलीट करणं, प्रोग्राम नव्याने टाकणं ही मर्दुमकी नंतर.

मशीन चालू आहे, माउस हलतोय, हे सांगत बसत नाही.

फोटोचा एवढा आग्रह का, तर शॉर्टकट ही नुसती डॉट एलएनके फाइल. तिच्यात प्रोग्राम नसतो, पत्ता असतो. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना घ्या नाहीतर चाटी गल्लीतलं कापडाचं दुकान, बिलिंग एका मशीनवर आणि बाकीच्या टेबलांवर शॉर्टकट, असा मामला पुष्कळ ठिकाणी असतो. पत्त्यात प्रोग्रामच्या फाइलचं नाव डॉट ईएक्सईने संपतं, त्याच्या पुढे एक जागा सोडून कुणीतरी कधीकाळी काही अक्षरं घातलेली असतात. कुठला डेटा उघडायचा, ते काही प्रोग्रामना त्यावरूनच कळतं. ती अक्षरं गेली की प्रोग्राम उघडतो, पण कोरा. पार्ट्यांची नावं नाहीत, येणी नाहीत, आणि मालक डोक्यावर उभा, "आमचं खातं कुठं गेलं ओ?" मागच्या खेपेला मी फोटो न घेता आयकॉन उडवला होता. तेव्हा परत एकदा, आधी फोटो. टार्गेट आणि स्टार्ट इन, दोन्ही.

आता मेसेज वाचा. ओके दाबायची घाई नको. फाइल हलवली किंवा बदलली असं म्हणत असेल, तर धिस पीसी उघडून ड्राइव्हची अक्षरं फोटोशी ताडून बघा. नवी डिस्क जोडली की कधीकधी डी चा ई होतो आणि डी वरचे सगळे शॉर्टकट एकदम बसतात. डिस्क मॅनेजमेंटमधून जुनं अक्षर परत द्या. सी वर विंडोज असतं, त्याला हात लावलात तर तुमचं तुम्ही बघा.

पत्ता दुसऱ्या मशीनचा असेल तर ते मशीन चालू आहे का, ते आधी बघा. लाइट जाऊन आली की नेटवर्क ड्राइव्हवर लाल फुली दिसते. ड्राइव्ह एकदा डबल क्लिक करून उघडला की बऱ्याचदा फुली जाते. यासाठी प्रोग्राम पुन्हा टाकणारे महाभाग आहेत.

सगळेच आयकॉन एकसारखे दिसतायत आणि नोटपॅडमध्ये उघडतायत? कुणीतरी ओपन विथमध्ये "नेहमी" दाबलंय. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, करंट युजरखाली फाइलएक्स्ट्समध्ये डॉट एलएनके शोधा, ती नोंद एक्सपोर्ट करून ठेवा, मगच त्यातली युजरचॉइस काढा. एक्सपोर्ट न करता काढणाऱ्याने मला फोन करू नये.

डेस्कटॉपवरून आयकॉनच गायब असेल तर घाबरू नका. १३ जानेवारी २०२३ ला, ऐन सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, मायक्रोसॉफ्ट डिफेंडर या अँटीव्हायरसच्या एका चुकीच्या अपडेटने ठरावीक नियम चालू असलेल्या ऑफिसांतले शॉर्टकट उडवले होते. प्रोग्राम जागेवरच होते.

पेनड्राइव्हमध्ये फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसले तर तो व्हायरस. डबल क्लिक नको, आधी स्कॅन. खऱ्या फायली बहुधा लपवलेल्या असतात.

प्रोग्रामची फाइलच जागेवर नसेल तर अँटीव्हायरसचं क्वारंटाइन बघा, संशयित फायली तो तिथे अडकवून ठेवतो. टार्गेट फिकट होतं त्या प्रोग्रामला कंट्रोल पॅनेलमधून रिपेअर मारा. नवा शॉर्टकट मूळ फाइलवर राइट क्लिक करून सेंड टू, डेस्कटॉप असा करा, विंडोज ११ वर त्याआधी शो मोअर ऑप्शन्स. मूळ फाइलच उचलून डेस्कटॉपवर आणू नका. फोटोतली अक्षरं जशीच्या तशी भरा. रीस्टार्ट करा, मालकाला उघडायला सांगा, जुनं एखादं बिल दिसलं की निघा.