मॅडम, तेवढी पी काढून द्या ना

स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस्सी करून मी एका मेडिकल कॉलेजच्या पीएसएम (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यक) विभागात लागले, तेव्हा साध्या टी-टेस्टपासून किचकट कॉक्स रिग्रेशनपर्यंत आपल्याला सगळं येतं अशी माझी समजूत होती. पहिल्याच आठवड्यात एक रेसिडेंट पेन ड्राइव्ह घेऊन आला. थिसिस जमा करायला नऊ दिवस उरलेले. "मॅडम, तेवढी पी काढून द्या ना." पी म्हणजे पी-व्हॅल्यू: खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता.

मास्टर चार्ट, म्हणजे सगळ्या पेशंटच्या माहितीची शीट, उघडला. 'पुरुष' चार तऱ्हांनी लिहिलेला: मेल, एम, १, आणि मागे स्पेस चिकटलेलं मेल, ज्याला कॉम्प्युटर वेगळाच प्राणी समजतो. हिमोग्लोबिनच्या रकान्यात मधूनच आकड्यापुढे 'ग्रॅम'. हे सगळं निस्तरलं आणि खरी चूक माझ्या नजरेतून निसटली. १५० पेशंट, उपाशीपोटी साखरेची सरासरी १३६. डायबेटिसच्या ओपीडीतली माणसं, मला आकडा खटकला नाही. खटकला त्याच्या गाईडना. तिघांचे रिपोर्ट मिळाले नव्हते, म्हणून पठ्ठ्याने तिथे ९९९ भरलं होतं. ते काढल्यावर सरासरी आली ११८. साधा हिस्टोग्राम, म्हणजे कुठल्या आकड्याचे किती पेशंट हे दाखवणारा काड्यांचा आलेख, काढला असता तर पार उजवीकडे एकटीच उभी असलेली काडी दिसली असती. मी थेट टेस्टवर उडी मारली होती.

या क्षेत्रात नवीन येणारे सगळ्यात आधी विचारतात, "कुठली टेस्ट लावू?" मी उलट विचारते, तुझ्या शीटमधली एक ओळ म्हणजे काय? पेशंट, व्हिजिट, डोळा की गाव? नेत्रविभागातली एक मुलगी १२० ओळी घेऊन आली होती. पेशंट ६०, डोळे १२०. एकाच माणसाचे दोन डोळे एकमेकांसारखे वागतात, त्यामुळे १२० ओळी म्हणजे १२० जणांचा पुरावा होत नाही. ते ध्यानात न घेता तिने दोन गटांची तुलना केली, तर स्टँडर्ड एरर, म्हणजे आपल्या अंदाजातल्या अनिश्चिततेचं माप, खोटाच लहान झाला आणि पी छान ०.०५ या रूढ सीमेच्या खाली गेली. एका पेशंटचा एकच डोळा घेतला, किंवा दोन्ही ठेवून मिक्स्ड मॉडेल (एका माणसाच्या ओळी एकमेकींशी बांधलेल्या आहेत हे धरणारी पद्धत) वापरलं, तर हिशोब सरळ होतो. आणि एका डोळ्यात औषध, दुसऱ्यात नाही असा अभ्यास असेल, तर तीच जोडी फायद्याची ठरते. तिथे जोडीतल्या फरकावर चालणारी पेअर्ड टेस्ट लावायची.

हे मोठ्या प्रमाणावर बघायचं असेल तर लांब जायला नको. १९९९ च्या सुमारास तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीची एक ट्रायल सुरू झाली. टाटा मेमोरियल आणि बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय तिच्यात होतं. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, पण कुणाला कुठली तपासणी, याची चिठ्ठी बाईगणिक टाकली नव्हती. गावांचे ५२ गट केले आणि गटच्या गट चार भागांत वाटले. निष्कर्ष २००९ मध्ये छापून आले: एचपीव्ही (या कॅन्सरला कारणीभूत विषाणू) तपासणीच्या भागात ३४,१२६ जणींपैकी या कॅन्सरने ३४ मृत्यू, नेहमीच्या सोयींवर ठेवलेल्या भागात ३१,४८८ पैकी ६४. हॅझार्ड रेशो, म्हणजे दोन भागांतल्या धोक्यांचं गुणोत्तर, ०.५२; या कॅन्सरने मृत्यूचा धोका जवळपास निम्मा. (तपासणी न मिळालेल्या बायकांवरून पुढे वाद झाला. तो व्हायलाच हवा होता.)

आता कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरं गुणोत्तर ज्या टप्प्यात असू शकतं तो पट्टा, बघा: ०.३३ ते ०.८३. या दोन भागांत मिळून ६५ हजार बायका असून इतका रुंद कसा? कारण सर्व्हायव्हल ॲनालिसिसमध्ये, म्हणजे घटना कधी घडते याच्या हिशोबात, माहिती येते ती घडलेल्या घटनांतून. इथे मृत्यू मिळून ९८, आणि चिठ्ठ्या तर गावगटांच्या. मी नव्या मुलांना ९८ मृत्यू आणि ५२ गट हे दोन आकडे कागदावर लिहायला लावते. नुसती पी सांगितली असती तर यातलं काहीच कळलं नसतं.

सॅम्पल साइझचं तर विचारूच नका. आपल्याकडे सिनॉप्सिस (थिसिसचा आधी मांडलेला आराखडा) म्हटलं की किती पेशंट हवेत याचं एकच सूत्र, फोर पीक्यू बाय एल स्क्वेअर. इथला पी म्हणजे आजाराचं टक्क्यांतलं प्रमाण, क्यू म्हणजे १०० वजा पी. आजाराचं प्रमाण ३० टक्के धरलं आणि एल म्हणजे चालेल इतकी चूक ५ धरली, तर ३३६ पेशंट लागतात. रेसिडेंटकडे वर्षात येणार साठ. मग एल वाढवत न्यायचा. १२ केला की उत्तर येतं ५९. लिहून मोकळे, "६० घेतले". पण एल १२ म्हणजे खरं प्रमाण १८ असेल किंवा ४२ असेल, दोन्ही चालेल असं तुम्ही कबूल केलंत. एथिक्स कमिटीत हे कुणी विचारत नाही, व्हायव्हात मात्र एखादे बाहेरचे परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात.

शिकायला मुंबईत देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्या अभ्यासाच्या संस्थेत बायोस्टॅटिस्टिक्स आणि डेमोग्राफीचा एमएस्सी आहे. औषध कंपन्यांच्या ट्रायल्सचं काम करायचं असेल तर एसएएस हे सॉफ्टवेअर यावं लागतं. कॉलेजात 'आर' हे सॉफ्टवेअर पुरतं, फुकट आहे. कोडची भीती वाटली तर आधी जमोवी उघडा, त्यात कोड न लिहिता काम होतं. पहिल्या महिन्यात मात्र पुस्तक बाजूला ठेवून लायब्ररीतला एखादा जुना थिसिस काढा आणि मागच्या मास्टर चार्टवरून त्यातला पहिला टेबल स्वतः बनवून बघा. माझा पहिल्यांदा जुळला नव्हता. चूक माझी की थिसिसची, हे शोधण्यात दोन दिवस गेले. थिसिसमध्ये ४० वर्षांचे पेशंट वयाच्या लागोपाठच्या दोन्ही गटांत मोजले होते.