पुरुमेंताच्या यादीत गाडी

मे महिन्यात गच्चीवर सोलं वाळत पडलेली असतात, बाजूला मिरच्या, पलीकडे पापड. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीच्या, यादीत गेल्या वर्षापासून मी गाडीही घातली आहे. सोलांसारखीच तिलाही उघडी करून उन्हात ठेवायची. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस होतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. एकदा मृग लागला की भिजलेलं कार्पेट वाळवायला दोन दिवसांचं सलग ऊन मिळत नाही. म्हणून गळती शोधायची ती मेमध्ये, नळाचं पाणी मारून.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. त्याआधीच्या जुलैत गाडीत डावीकडे, पुढच्या सीटसमोर पाय ठेवतो तिथलं कार्पेट ओलं लागू लागलं. एका गॅरेजवाल्यानं समोरच्या काचेभोवती सिलिकॉन फासून दिलं, पैसे घेतले. आठवड्यानं मॅट उचलली तर खाली तसंच पाणी. दुसऱ्या फिटरनं काचेकडे पाहिलंसुद्धा नाही. बोनेट उघडलं, वायपरखालची काळी प्लॅस्टिकची जाळी काढली आणि म्हणाला, "पात्रांव, हें पळय," म्हणजे मालक, हे बघ. आत सुरूच्या सुयांचा बोटभर जाड थर. मी रोज मिरामारला सुरूच्या झाडांखाली गाडी लावायचो. सुया जाळीतून आत पडून पाणी जायची भोकं बुजली होती, आणि साचलेलं पाणी एसीच्या ब्लोअरच्या तोंडातून आत उतरत होतं. तेव्हापासून एक नियम पाळतो: पाणी जिथे दिसतं तिथे ते शिरलेलं आहे असं धरायचं नाही. पत्र्याच्या आतून, वायरींच्या जुडग्यावरून ते हात-दोन हात प्रवास करून मग टपकतं.

तर सुरुवात गाडी रिकामी करण्यापासून. मॅट, डिकीतलं सामान, स्टेपनी, सगळं बाहेर. कार्पेटवर दुकानातून चिकटवून घेतलेलं विनाइलचं फ्लोअरिंग असेल तर त्याची एक कड उचलून बघाच. वरून कोरडं खडखडीत दिसतं आणि खालचा फोम स्पंजासारखा भिजलेला असतो. फोम दाबून बोटाचा वास घ्या. डाग कसला आहे तेही बघा, कारण आपल्याकडची माती ही फुकटची खूण आहे. लाल गाळाची रेघ असेल तर पाणी खालून, साचलेल्या पाण्यातून गाडी नेताना, गाडीच्या तळाच्या पत्र्यातल्या एखाद्या निसटलेल्या रबरी बुचातून आलेलं असण्याची शक्यता मोठी. पाणी तपकिरी आणि पाल्याच्या कुजट वासाचं असेल तर वरून. स्वच्छ, बिनवासाचं असेल आणि पाऊस नसतानाही येत असेल तर तो पाऊसच नव्हे, एसीचं पाणी आहे. गाडी कोरड्या काँक्रीटवर उभी करून पंधरा मिनिटं एसी चालवा. मेच्या दमट हवेत खाली थेंबांचं थारोळं व्हायलाच हवं. झालं नाही तर एसीची निचऱ्याची नळी तुंबली आहे. आणि पाणी चिकट, गोडसर वासाचं असेल तर ते कूलंट, इंजिन थंड ठेवणारं द्रव. ते प्रकरण वेगळं, सरळ मेकॅनिककडे न्या.

आता नळ. हे काम एकट्यानं होत नाही. मी आमच्या भाच्याला टॉर्च देऊन आत बसवतो, दारं-काचा बंद. "मामा, अजून काही नाही," असं तो आतून ओरडत राहतो, हळूहळू कंटाळतो, आणि नेमका कंटाळतो तेव्हा पाणी येतं. पाइपाला नोझल लावायचं नाही, जोर नको, नुसती धार. प्रेशर वॉशरनं तर अजिबात नाही, कारण तेवढ्या दाबानं धडधाकट रबरातूनही पाणी घुसतं आणि नसलेली गळती सापडते. खालून सुरुवात करून वर जायचं: आधी दाराचा तळ, मग काचेची कड, मग छत. एकेका जागी पाच मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळून सगळीकडेच जातं आणि काहीच कळत नाही. आत जुनी वर्तमानपत्रं पसरून ठेवा. कुठला कागद आधी भिजला ते बघायचं. आमची गाडी उतारावर उभी असते, म्हणून मी एकदा नाक वर करून आणि एकदा नाक खाली करून, दोनदा तपासतो. काही गळती फक्त एकाच बाजूला कलल्यावर बोलते.

वायपरखालच्या जाळीबद्दल वर सांगितलंच. बोनेट उघडून दोन्ही कोपऱ्यांतला पाला हातानं काढा, मग तांब्याभर पाणी ओता. ते चाकामागून खाली पडलं पाहिजे. आंब्या-फणसाची पानं निदान मोठी असतात, अडकली तर दिसतात. सुरूच्या सुयांचं तसं नाही.

दारांबद्दल बऱ्याच जणांचा एक गैरसमज असतो. पाऊस पडला की दाराच्या आत पाणी जातंच. काचेच्या कडेचं रबर ते पूर्ण अडवत नाही, ते त्याचं कामच नव्हे. आत गेलेलं पाणी दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडावं अशी रचना असते, आणि केबिनकडे ते येऊ नये म्हणून आतल्या पॅनेलमागे प्लॅस्टिकचा एक पडदा चिकटवलेला असतो. दार उघडताना आत खळखळ ऐकू आली तर भोकं चिखलानं बुजलीत. गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी हातभर घ्या आणि त्यांत फिरवा. पडदा मात्र कोणी स्पीकर बसवताना फाडून ठेवलेला असतो. तो ब्यूटाइल टेपनं, म्हणजे रबरासारख्या चिकट पट्टीनं, पुन्हा चिकटवला की अर्ध्या गाड्यांचं दुखणं संपतं, असं माझं मत. बीडिंग, म्हणजे दाराच्या चौकटीभोवतीचं रबर, तपासायला दहाची नोट दारात धरून दार लावा आणि ओढा. जिथे नोट अलगद सुटून येते तिथे रबर दबून ढिलं पडलंय. किनाऱ्याजवळ राहत असाल तर बीडिंग काढून खालचा पत्राही बघा, खारी हवा तिथे गुपचूप गंज धरवते.

सनरूफ असेल तर त्याच्या चौकटीच्या कोपऱ्यांत निचऱ्याची भोकं असतात, पुढच्या नळ्या समोरच्या खांबांतून आणि मागच्या मागच्या खांबांतून उतरतात. प्रत्येकात चहाच्या कपाएवढं पाणी सोडून ते खाली पडतं का बघा. इथेही नायलॉनची दोरीच. लोखंडी तार घातली किंवा कॉम्प्रेसरची हवा मारली तर नळी आतल्या आत सांध्यातून निसटते आणि मग छताचं कापडच उतरवावं लागतं. खांबांची पट्टी स्वतः उचकटू नका, मागे एअरबॅग असू शकते. बॅटरीची वायर सोडलेली नसेल तर सीटखालचे एअरबॅगचे पिवळे कनेक्टरही हात न लावण्याच्या यादीत.

डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी असेल तर आधी मागच्या दिव्यांची गास्केटं, म्हणजे दिव्यामागच्या रबरी कडा, मग वरचा तिसरा ब्रेकलाइट, मग अँटेना. आणि आपण नंतर बसवून घेतलेलं जे काही असेल ते. रिव्हर्स कॅमेऱ्याची वायर घालायला एखाद्यानं कारखान्याचं रबरी बूच ब्लेडनं चिरलेलं असतं आणि वर इन्सुलेशन टेप गुंडाळलेली असते. ती टेप एक पावसाळासुद्धा काढत नाही.

चिकटवण्याच्या मालात कंजुषी नको. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन पत्र्याला लावू नका, त्यातल्या आम्लानं गंज चढतो. शिवाय नंतर ते निघता निघत नाही आणि त्यावर दुसरं काही धरत नाही. पत्र्याच्या सांध्याला पॉलियुरेथेन सीलंट, पडद्याला आणि दिव्यांना ब्यूटाइल टेप. जागा आधी कोरडी आणि स्वच्छ करायची. लावायचं ते बाहेरून. आतून लावलं तर पाणी पत्र्यातच कोंडतं. समोरची काचच सुटली असेल तर ती काढून नव्यानं चिकटवून घ्या, आणि काचवाला सांगेल तितके तास गाडी हलवू नका.

कार्पेट ओलं निघालं असेल तर नुसतं पुसून भागत नाही. सीट काढून, कार्पेट उचलून, खाली विटा सरकवून दोन कडक उन्हं दाखवा. सीट काढण्याआधी बॅटरीची मायनस वायर सोडून थोडं थांबायचं, नाहीतर एअरबॅगचा दिवा लागतो तो लागतो. आम्ही सीट व्हरांड्यात ठेवल्या होत्या, त्यातल्या एकीवर मांजर व्याली, म्हणून चार दिवस जास्त लागले.

सगळं परत बसवताना स्टेपनीच्या खड्ड्यात आणि डाव्या पुढच्या मॅटखाली एकेक कोरडा वर्तमानपत्राचा कागद ठेवतो, वर तारीख लिहून. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर तो काढून बघायचा. नंतर चोर्ला घाटातून एक फेरी झाली की पुन्हा, कारण वेगानं समोरून मारणारा पाऊस नळाच्या धारेला कधी जमत नाही तिथेही शिरतो. गेल्या वर्षीचा माझा डावीकडचा कागद गणेश चतुर्थीपर्यंत कोरडा होता. डिकीतला मात्र एका कोपऱ्यात जरा फुगला आहे. डाव्या दिव्याचं गास्केट या शनिवारी काढतो.