वर्ल्ड बँकेचं टेंडर, बी-वनची सवय असलेल्यांसाठी

मी लातुरात ठेकेदारांची टेंडरं भरून देते. बांधकाम खातं, जिल्हा परिषद, जीवन प्राधिकरण, सगळीकडची. बी-वन म्हणजे आपला नेहमीचा टेंडर फॉर्म, ज्यात खात्याच्या अंदाजापेक्षा किती टक्के कमी किंवा जास्त एवढंच भरायचं. मधूनच एखादं काम वर्ल्ड बँकेच्या नाहीतर एडीबीच्या, म्हणजे आशियाई विकास बँकेच्या, कर्जातलं निघतं आणि फोन सुरू होतात: "ताई, तीनशे पानं आहेत, तीही इंग्रजीत. सोडून देऊ का?" सोडू नका. त्यातली बरीचशी पानं कराराच्या ठरलेल्या अटींची असतात, ती प्रत्येक टेंडरात तीच. वाचायचा क्रम मात्र उलटा ठेवा. आधी बिड डेटा शीट, मग पात्रता आणि मूल्यमापनाचा भाग, मग फॉर्म, आणि सगळ्यात शेवटी बिडरांसाठीच्या, म्हणजे टेंडर भरणाऱ्यांसाठीच्या, सूचना. सूचना बँकेच्या छापील असतात, त्यांना खात्याला हात लावता येत नाही. या कामापुरतं जे काही वेगळं आहे ते डेटा शीटमध्येच लिहावं लागतं. कराराचंही तसंच: सर्वसाधारण अटींना जे फाटे फुटतात ते विशेष अटींमध्ये.

सुरुवातीला एक गैरसमज काढून टाकू. पैसा बँकेचा असला तरी तुमचा करार बँकेशी होत नाही. कर्ज भारत सरकार घेतं, ते राज्याकडे येतं, आणि करारावर सही खात्याची किंवा प्रकल्प कार्यालयाची असते. पोकरा आणि स्मार्ट हे शेतीचे प्रकल्प, त्याआधी पाणीपुरवठ्याचा जलस्वराज्य, हे वर्ल्ड बँकेचे. ग्रामीण रस्त्यांचा मोठा कार्यक्रम एडीबीचा. बिल अडलं म्हणून दिल्लीच्या वर्ल्ड बँकेला मेल टाकून उपयोग नाही, बिल खात्याकडूनच काढायचं आहे. मात्र खर्च बँकेच्या नियमांत बसला पाहिजे, म्हणून खात्याचे साहेब एरवी जिथे "बघू, करून घेऊ" म्हणतात तिथे या टेंडरात म्हणत नाहीत. वर्ल्ड बँकेचे सध्याचे खरेदी नियम २०१६ पासूनचे आहेत, नंतर त्यात दुरुस्त्या होत आल्या. कोणती आवृत्ती लागू आहे ते टेंडरातच लिहिलेलं असतं. एडीबीचे फॉर्म दिसायला सारखे, पण नियम वेगळे. एकाची फाइल उघडून दुसऱ्याला कॉपी-पेस्ट मारू नका.

आता पहिलं काम: शंका लेखी विचारा. आपल्याकडे प्रीबिड मीटिंगला, म्हणजे टेंडर भरायच्या आधीच्या बैठकीला, जाऊन चहा घेऊन परत यायची पद्धत आहे, आणि खरी शंका साहेबांच्या केबिनमध्ये विचारायची. इथे केबिनमधल्या उत्तराला काडीची किंमत नाही. मुदतीच्या आत लेखी विचारलं की खात्याला उत्तर द्यावं लागतं, आणि ते सगळ्यांना कळवताना प्रश्न कोणी विचारला हे सांगायचं नसतं. म्हणजे "मी विचारलं तर स्पर्धकाला कळेल" ही भीती नको. उत्तरामुळे अट बदलली तर शुद्धिपत्रक निघतं आणि ते टेंडरचा भाग होतं. म्हणून बिड चढवायच्या आदल्या दिवशी पोर्टलवर शुद्धिपत्रकांची यादी परत एकदा पाहा.

पात्रतेत माणसं बहुतेक वेळा बिड कपॅसिटीवर, म्हणजे आणखी किती रुपयांचं काम पेलू शकता त्या आकड्यावर, अडखळतात. आपल्याकडच्या टेंडरांत सूत्र असतं: ए गुणिले एन गुणिले एम, वजा बी. ए म्हणजे गेल्या पाच वर्षांत कुठल्याही एका वर्षात केलेलं सर्वांत जास्त काम. एन म्हणजे या कामाची मुदत, वर्षांत. एम हा टेंडरात दिलेला गुणक. बी म्हणजे हातातल्या कामांपैकी एवढ्याच मुदतीत जे उरलेलं काम करायचं आहे त्याची किंमत. समजा तुमचं सर्वांत चांगलं वर्ष ८ कोटींचं, कामाची मुदत १८ महिने, गुणक २. तर ८ गुणिले १.५ गुणिले २, झाले २४ कोटी. हातातलं उरलेलं काम ९ कोटींचं असेल तर कपॅसिटी १५ कोटी. बीमध्ये कामाची पूर्ण टेंडर किंमत टाकणारे ठेकेदार मी पाहते. निम्मं काम झालेलं असतं, बिलं निघालेली असतात, तरी आकडा पूर्ण. विनाकारण स्वतःची कपॅसिटी कापून घेतात. उलट काहीजण जिल्हा परिषदेचं एखादं काम लिहीतच नाहीत. ते करू नका, का ते पुढे सांगते. गेल्या वर्षांचे आकडे आजच्या किमतीला आणायचे असतील तर दर टेंडरात दिलेला असतो, तो सीएला दाखवा.

समान कामाच्या अनुभवाची ओळ शब्द न् शब्द वाचा. बँकेच्या नमुन्यात काम "बऱ्याच अंशी पूर्ण" चालतं, आणि त्याचा अर्थ सहसा ८० टक्के किंवा जास्त असा दिलेला असतो. सबकॉन्ट्रॅक्टर म्हणून केलेलं काम काही टेंडरांत धरतात, काहींत फक्त मुख्य ठेकेदाराचंच. हे गृहीत धरू नका, ओळीवर बोट ठेवून बघा.

बँक गॅरंटीवर जरा थांबते, कारण चांगली चांगली बिडं इथे पडतात. टेंडरात गॅरंटीचा नमुना दिलेला असतो. तो घेऊन तुम्ही ब्रँचला जाता, आणि ब्रँच मॅनेजर म्हणतात, "आमचा हेड ऑफिसचा फॉरमॅट आहे, तोच देतो, सगळीकडे चालतो." इथे चालत नाही. नमुन्यात लिहिलेलं असतं की पहिल्या मागणीला, कुठलंही कारण सिद्ध न करता पैसे देऊ. तुमच्या या बँकेच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये मधेच एखादं वाक्य घुसलेलं असतं की वाद असल्यास अमुक, किंवा दाव्याची मुदत तमुक. त्या एका वाक्याने गॅरंटी सशर्त होते. चार गोष्टी ब्रँचमध्ये बसूनच ताडून बघा: लाभार्थ्याचं नाव आणि हुद्दा टेंडरात आहे तसाच आहे का, टेंडर क्रमांक बरोबर आहे का, रक्कम अंकी आणि अक्षरी एकच आहे का, आणि तारीख. तारखेचा हिशेब असा: बिडची वैधता संपते त्याच्या पुढे सहसा २८ दिवस. टेंडरात वेगळा आकडा दिला असेल तर तो घ्या. शेवटची तारीख पुढे ढकलली गेली तर वैधताही सरकते का ते शुद्धिपत्रकात बघा आणि मगच गॅरंटी काढा. जॉइंट व्हेंचर असेल तर गॅरंटीवर नाव कुणाचं यायला हवं, हेही सूचनांत लिहिलेलं असतं.

आता लेटर ऑफ बिड. एक-दोन पानांचं पत्र, सगळे डोळे झाकून सही करतात. त्यात एक तक्ता असतो: या बिडसाठी कुणाला कमिशन, बक्षिसी किंवा फी दिली किंवा देणार आहात, त्याचं नाव, पत्ता, कारण, रक्कम. "आम्ही कुणाला एक रुपया देत नाही" म्हणत ठेकेदार तिथे 'काही नाही' असं लिहून मोकळे होतात. अहो, मी बसले आहे ना समोर! टेंडर भरायचे पैसे मी घेते, मग माझं नाव तिथे यायला हवं. काम मिळालं तर टक्केवारी देऊ असं कुणाशी ठरलं असेल तर तेही. मी माझं नाव स्वतःच्या हाताने लिहून घेते, तेव्हा समोरचा चपापतो. फी देणं हा गुन्हा नाही. ती लपवणं हा खोटा जबाब ठरतो, आणि एजंटला दिलेली फी लपवल्याबद्दल कंपन्यांवर वर्ल्ड बँकेची कारवाई झालेली आहे.

हा मुद्दा सगळ्या फॉर्मना लागू आहे. आर्थिक स्थिती, उलाढाल, अनुभव, हातातली कामं, अपुरे सोडलेले करार, कोर्टातले वाद. जे लागू नाही तिथे रिकामी जागा न सोडता 'निरंक' लिहा. एखाद्या कामावरून लवादात गेला असाल तर तसं लिहा. वाद चालू असणं एवढ्यानेच सहसा कुणी बाद होत नाही, तुमच्या ऐपतीच्या मानाने तो किती मोठा आहे ते पाहिलं जातं. एखादा साधा कागद राहिला, जसं एखाद्या वर्षाचा ताळेबंद, तर बँकेच्या नियमांत खातं तो नंतर मागवू शकतं. आपल्या नेहमीच्या टेंडरांत यावरून लिफाफा बाजूला पडतो, त्या मानाने हे नियम मला शहाणपणाचे वाटतात. पण न जोडलेली गॅरंटी किंवा सही नसलेलं लेटर ऑफ बिड नंतर जोडता येत नाही. आणि खोटा अनुभव दाखला तर विसराच. राज्याच्या टेंडरात पकडला गेलात तर ते खातं काळ्या यादीत टाकेल. इथे फसवणूक सिद्ध झाली तर फर्मचं नाव वर्ल्ड बँकेच्या जाहीर यादीत, सगळ्या जगाला दिसेल असं. ९ एप्रिल २०१० ला पाच विकास बँकांनी आपसांत करार केलेला आहे: एकीने वर्षापेक्षा जास्त काळ बंदी घातली तर बाकीच्याही घालू शकतात. म्हणजे पोकराच्या बंधाऱ्यावरचा खोटा दाखला एडीबीच्या रस्त्यातही आडवा येतो.

दरांकडे येऊ. बी-वनमध्ये एकच आकडा: इतके टक्के बिलो. इथे बहुधा प्रत्येक बाबीचा दर भरायचा असतो. सगळ्या बाबी सरसकट वीस टक्क्यांनी उतरवून ठेवल्या तर दर फारच कमी आहेत म्हणून खातं लेखी विचारणा करतं: दरांचं विश्लेषण दाखवा. खडी कुठून, डंपरचं भाडं किती, गवंड्याची मजुरी काय. उत्तर पटलं नाही तर बिड नाकारता येतं. म्हणून विश्लेषण आधी करा आणि घरी ठेवा. सुरुवातीच्या खोदाईला जास्त दर आणि शेवटच्या कामांना कमी, ही जुनी युक्तीही ओळखतात. तिच्यामुळे सुरक्षा रक्कम वाढवून मागू शकतात. आणि "उघडल्यावर बोलावतील, तेव्हा दोन टक्के सोडू" म्हणून दर वर ठेवू नका. एल-वनशी, म्हणजे सर्वांत कमी दर भरणाऱ्याशीही, वाटाघाट वर्ल्ड बँकेच्या संमतीशिवाय करायची नसते. मुदत १८ महिन्यांपेक्षा जास्त असेल तर भाववाढीचं कलम असायला हवं. ते आहे का हे बघून मग स्टीलचा दर ठरवा.

अपलोडचं फार सांगत नाही, महाटेंडर्स हे राज्याचं ई-टेंडर पोर्टल सगळ्यांना पाठ आहे. बीओक्यूच्या, म्हणजे बाबी आणि दरांच्या, एक्सेल फाइलचं नाव बदलू नका, डिजिटल सहीच्या टोकनची मुदत तपासा, घड्याळ सर्व्हरचं धरा, आणि फ्रीझ करून पावती घेतल्याशिवाय उठू नका.

लहान कामं कोटेशनवर जातात, किमान तीन मागवून. इथे एक घाण सवय आहे. ज्याला काम हवं तोच तिन्ही लेटरहेड घेऊन येतो. तिन्हींत फाँट तोच, "सिमेंट"चं स्पेलिंग तिन्हींत चुकलेलं, आणि रकमांत पाचशे-पाचशेचा फरक. बँकेची तपासणी बऱ्याचदा काम झाल्यावर होते, नमुना म्हणून काही फायली काढून. तेव्हा तीन कागद शेजारी ठेवले की पोरालाही कळतं. आपसांत ठरवून दर भरणं हे बँकेच्या भाषेत संगनमत, आणि त्यात लेटरहेड उसनं देणाराही अडकतो. मित्राने मागितलं तरी देऊ नका.

निकाल लागल्यावर, टेंडरात स्टँडस्टिलची, म्हणजे करार करण्याआधी थांबण्याच्या मुदतीची, तरतूद असेल तर खातं सगळ्या बिडरांना आधी इराद्याचं पत्र पाठवतं: कुणाला द्यायचं ठरवलंय, कितीला, आणि तुमचं का नाही. तिथून कामकाजाचे १० दिवस करार होत नाही. कारण समजून घ्यायचं असेल तर पत्र मिळाल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांत लेखी मागणी करा. खात्याने साधारण ५ दिवसांत सांगायचं असतं. तक्रार करायची तर खात्याकडेच, याच मुदतीत, आणि ज्या अटीवर बाद केलं तिचा क्रमांक देऊन. आमदारांच्या पीएचं पत्र जोडायचा मोह होतो, जोडू नका. एल-वनच्या दरापेक्षा स्वतःचं बिड का नाकारलं तेवढंच विचारा, पुढच्या टेंडरात तोच फॉर्म परत भरायचा असतो.